बहिणीच्या घरचा चहा

घर बघायला गेले की मी आधी पाणी मागते. तहान लागलेली असो की नसो. तांब्या-पेला समोर आला की विचारते, "हे जारचं हाय का बोअरचं?" जारचं असेल तर पेला बाजूला ठेवते आणि बोअरचं मागते. घरमालकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेकडे, शेगाव-नांदुऱ्याच्या पट्ट्यात, जमिनीखालचं पाणी खारं आहे. पाहुण्याला ते देणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून ज्या घरात धुणंभांडी खाऱ्या पाण्यानं होतात, तिथंही पाहुण्यासाठी गोडं पाणी राखून ठेवलेलं असतं. आदरातिथ्य म्हणून हे फार चांगलं आहे. घर विकत घेणाऱ्याला मात्र ते भलतंच महागात पडतं.

माझ्या ओळखीचे एक कापड दुकानदार होते, मलकापूरचे. शेगावला नवंकोरं घर बघायला भर उन्हात गेले, पेल्यामागून पेले रिचवले, "पाणी काय गोड आहे हो" म्हणत तिथल्या तिथे इसार देऊन आले. घर बांधलं होतं बोअरच्या पाण्यानं. पुढच्याच वर्षी भिंतींना लोणा लागला, आतलं मीठ पांढरं होऊन बाहेर आलं, गिलावा पापडासारखा फुगून गळू लागला. त्यांनी मला बोलावलं आणि बसवून आधी जारचं पाणी दिलं. मला हसू आवरेना, ते रागावले. पुढे त्या घरात त्यांनी इतका पैसा ओतला की आता ते विकवत नाही आणि त्यात राहवतही नाही.

मी खामगावची. मिस्टरांचं फरशीचं दुकान होतं. ते गेल्यावर दुकान विकलं, त्या पैशांत एक पडकं घर घेतलं, दुरुस्त केलं आणि भाड्यानं दिलं. नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. बाईमाणसानं सोनं घ्यावं, फार तर बँकेत ठेव ठेवावी, ही घरं कसली घेत फिरते? मी कोणाचं ऐकलं नाही. त्यानंतर घरं घेतली, गाळे घेतले, प्लॉट घेतले. काही विकले, काही ठेवले. लोकांना वाटतं या धंद्याला नशीब लागतं. मला तर धुणं धुवायला लागतं तितकंच नशीब यात लागलेलं दिसलं. डाग कुठे आहे ते पाण्यात घालायच्या आधी बघायचं असतं.

मालक सांगतो ती घराची किंमत नसते. त्यावर मुद्रांक शुल्क येतं, नोंदणी येते, दलाली येते, दुरुस्ती येते आणि शेवटी येतात रिकामे महिने, ज्यांचा हिशेब कोणी धरतच नाही. भाडेकरू मिळेपर्यंत घर तुम्हाला बसून खातं. शिवाय आमच्याकडची काळी माती. पाया खालच्या मुरमापर्यंत नेलेला नसेल तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीवर जिन्याच्या पायऱ्यांसारखी भेग चढत जाते. मालक ती पुट्टीनं बुजवतो, वर देवाचं कॅलेंडर टांगतो. मी देवाला नमस्कार करून कॅलेंडर उचलून बघते. दलालांना हे कळल्यापासून ते माझ्या आधी पोहोचून भिंतीवरची कॅलेंडरं काढून ठेवतात. मग मी खिळे शोधते.

हे सगळे धोके मात्र पैशानं मिटतात. मला खरी भीती असते ती मालकाच्या बहिणीची. ती वाईट असते म्हणून नाही, ती तिथे नसते म्हणून. बाप गेला की घरावर मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात, तो कायदा आहे. नावं लागली की भाऊ बहिणीला बोलावतो, हक्कसोडपत्रावर तिची सही घेतो, साडी नेसवतो, गोडधोड जेवू घालतो. हा रिवाज कुठे लिहिलेला नाही, पण आमच्याकडे कायद्यापेक्षा पक्का आहे. माहेर टिकावं म्हणून बहीण सही करते. ती कशावर केली, हे पुष्कळदा तिला कोणी सांगतच नाही. आणि मग काही वर्षांनी तिची मुलं मोठी होतात, कोणीतरी त्यांना शिकवतं, आणि ती कोर्टातून मनाई घेऊन येतात. आमच्या गावात अशी एक इमारत अर्धवट उभी आहे. खांबांतून वर आलेल्या सळया गंजल्या, गच्चीवर पिंपळ उगवला, आणि ती घेणारा माणूस रोज तिच्यावरून दुकानात जातो.

म्हणून माझा नियम आहे. विकणाऱ्याच्या प्रत्येक बहिणीच्या घरी जाऊन चहा प्यायल्याशिवाय मी इसार देत नाही. तिला कचेरीत बोलावून भेटायचं नाही, आपण तिच्या सासरी जायचं. माझा नेहमीचा दलाल रामदास यावर वैतागतो. "काकू," तो म्हणतो, "तुमी घर घेऊन राह्यल्या का सोयरीक जमवून राह्यल्या?"

शेगावचं ते घर रामदासनंच आणलं. स्टेशनवरून मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून एक गल्ली आत. पुढे जुनं घर, मागे मोकळी जागा. भाविकांसाठी खोल्या काढायला इतकी चांगली जागा मी त्याआधी बघितली नव्हती. पाणी खारंच होतं, पण घर नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यानं बांधलेलं होतं आणि भिंती कोरड्या होत्या. पाया पक्का होता. मला ते घर हवंच होतं. त्यासाठी मी खामगावचे दोन चांगले चालते गाळे विकून पैसा मोकळा केला होता, हे इथे सांगून टाकते, म्हणजे माझं काय पणाला लागलं होतं ते कळेल.

मालक दोघे भाऊ. थोरले वसंतराव, शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. धाकटा दिगंबर, हार-प्रसादाचं दुकान चालवणारा. आई दोन वर्षांपूर्वी त्याच घरात वारली होती. मिळकत पत्रिकेवर तिसरं नाव होतं प्रमिला.

"बहीनीचं काई नाई," वसंतराव म्हणाले. "आमी सांगतलं का ते येते अन् सही करते."

"कुठी देल्ली तिले?"

"साखरखेर्ड्याले."

"मंग मी जाऊन येतो."

वसंतरावांच्या कपाळावर आठी पडली. "आमच्यावर भरोसा नाई काय तुमचा?"

"तुमच्यावर हाय. म्हनून त बहीनीले भेटतो."

दिगंबरानं लगेच ऐकवलं की बाहेरगावची एक पार्टी तयार आहे, भाव तुमच्यापेक्षा जास्त देते आणि कोणाच्या घरी चहा प्यायला जात नाही. मी म्हटलं, बरं आहे, तुमची पार्टी चहा पीत नसेल. आणि दुसऱ्या दिवशी रामदासला घेऊन निघाले. चिखलीला गाडी बदलून साखरखेर्ड्याला पोहोचेपर्यंत रामदास रुसूनच बसला होता.

प्रमिलाताई अंगणात तूर पाखडत होती. शेगावहून आलो म्हणताच तिनं सूप तसंच ठेवलं आणि आत नवऱ्याला हाक मारली, "अहो, माह्या माहेरचे लोक आले." मी कोण, कशासाठी आले, काही विचारलं नाही. शेगावहून आलेला माणूस म्हणजे माहेरचा, एवढं तिला पुरेसं होतं. इतकी वर्षं त्या भागात राहूनही तिचं 'मले-तुले' सुटलं नव्हतं. नवरा तिकडचाच, जालन्याच्या बाजूची बोली. "बसा, बसा," तो म्हणाला, "आमच्याकडं कोण येतंय शेगावहून." चहा आला, सोबत शेव आली. चहात साखर नेहमीच्या दुप्पट होती.

"दादा बरे हायेत ना?" तिनं विचारलं. "घराचं काम काढलं काय? फोनवर सांगत होते का दुरुस्ती कराची हाय, त्याच्यासाठी माही सही लागते म्हनून. मी म्हनलं, कवाही सांगा, येतो."

रामदासनं माझ्याकडे बघितलं. त्याची नजर मला स्वच्छ वाचता येत होती. चहा पिऊन झाला, नियम पाळला गेला, आता उठा. ती आनंदानं सही करणार आहे, तिला कोणी फसवलं असेल तर तिच्या भावांनी, आपण काय खोटं बोललो? खरं सांगायचं तर हा विचार माझ्याही मनात आला. ते घर मला फार हवं होतं. मी कप खाली ठेवला.

"प्रमिलाताई, दुरुस्ती नाई. घर इकून राह्यले ते. अन् घेऊन मीच राह्यली."

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "मायची खोली बी?"

"अख्खं घर."

तिनं कप-बशा गोळा केल्या आणि आत गेली. आत भांडी विसळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. नवरा मला अंगणात घेऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही हे सांगायला नको होतं. तिनं आता हिस्सा मागितला तर भाऊ तुटतेत. न मागता सही केली तर तिला झोप लागायची नाही. आमचं बरं चाललं होतं." त्याचं काही चूक नव्हतं. माझा धोका मी टाळला होता आणि तो उचलून त्या बाईच्या घरात ठेवला होता. याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा सांगेन.

आम्ही निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. डोळे कोरडे होते. "येतो मी शेगावले," ती म्हणाली. "सही बी करतो. पन हक्कसोडावर नाई. सोडाले पह्यले हातात त आलं पायजे. जे माह्या हाती कोनी देल्लंच नाई ते मी सोडू कसं? माह्या वाट्याचा चेक माह्या नावानं काढा. मंग तो ठेवाचा का दादाले द्याचा, ते मी पाहीन."

परतीच्या गाडीतून खामगावला उतरताना रामदास एवढंच म्हणाला, "गेलं घर."

त्या रात्री दिगंबरचा फोन आला. "काकू, तुमी आमच्या घरात काडी लावली." मी ऐकून घेतलं. मग सांगितलं, बहीण दस्तात विकणारी म्हणून तुमच्या बरोबरीनं येईल, तिच्या हिश्श्याचा चेक तिच्या नावानं निघेल, तर मी घेते. नाहीतर जय गजानन. त्यानं फोन आपटला. पुढचे काही आठवडे त्यांनी त्या दुसऱ्या पार्टीशी बोलणी केली. मी गाळे विकून आलेला पैसा घेऊन बसले होते, ओळखीचे लोक येऊन नवनवे प्लॉट सुचवत होते, पण माझा जीव त्या गल्लीत अडकला होता. तरी मी फोन केला नाही. शेवटी त्या पार्टीच्याही वकिलानं विचारलंच, तिसऱ्या नावाचं काय? बहिणीला सगळं माहीत आहे आणि तिनं हक्कसोडाला नकार दिला आहे म्हटल्यावर ती पार्टी गायब झाली. मग वसंतरावांचा निरोप आला, तुमच्या मनासारखं करा.

नोंदणीच्या दिवशी सगळे शेगावला कचेरीबाहेर वकिलांच्या टेबलाशी जमलो. प्रमिलाताई सकाळच्या गाडीनं एकटीच आली होती. भावांशी तिची नजरानजर झाली, बोलणं झालं नाही. घरी चल असं तिला कोणी म्हणालं नाही. वकिलांनी दस्त वाचायला घेतला. चतुःसीमा झाल्या, रक्कम झाली, चेकचे नंबर झाले. मग ते वाक्य आलं जे प्रत्येक खरेदीखतात असतं आणि जे वकील श्वास न घेता म्हणून टाकतात, की आम्ही सदर मिळकत राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता...

"थांबा," प्रमिलाताई म्हणाली. "राजीखुशीनं नाई."

वकिलांचं बोट त्या ओळीवर थांबलं. ते म्हणाले, "ताई, ही लिहायची पद्धत असते."

"असंल. पन खोटं हाय. मले खुशी नाई."

मर्जी नाही म्हणणाऱ्या बाईची सही कोणताही अधिकारी घेणार नाही आणि घेऊही नये. दिगंबर हात झटकून उठला. वसंतरावांचा मात्र आवाज चढला, आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. "हिस्सा देल्ला, तुह्या नावानं चेक काढला, अजून काय पायजे तुले? काय हाय तुही खुशी, सांगून टाक एकदाची!"

ते रागानं बोलले होते. पण तिनं तो प्रश्न खरा धरला. ती म्हणाली, "मले येक डाव घरी जाऊ द्या. एकटीले."

"काय हाय तिथी आता?" दिगंबर म्हणाला. "सामान त हलवलं सारं."

"माहीत हाय मले. जाऊ द्या."

दस्त झाल्यावर मला द्यायची म्हणून किल्ली वसंतरावांच्या खिशात होती. त्यांनी ती काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, द्या. त्यांनी ती तिच्यासमोर टेबलावर ठेवली. तिनं उचलली आणि निघून गेली.

आम्ही बाकावर बसून राहिलो. वकिलांनी आमचे कागद बाजूला सरकवून दुसऱ्यांचे घेतले. आयुष्यभर मी धोके मोजत आले, तेव्हा मात्र माझ्याजवळ मोजायला काही नव्हतं. ती परत येईल किंवा येणार नाही. आली नाही तर तिला दोष देता येणार नव्हता. रामदास दर थोड्या वेळानं उठून रस्त्यावर बघून यायचा. "काकू, बाई बसस्टँडवर त नाई गेली?"

वसंतराव माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ चपलेचा अंगठा चाचपत राहिले. मग कोणी काही विचारलं नसताना म्हणाले, "मायचं सारं शेवटी तिनंच केलं. आमी दोघं इथीच होतो. पन मायले आंघोळ घालाले साखरखेर्ड्याहून तेच ये. म्हैना म्हैना राहे."

"हे तिले कधी म्हनलं काय तुमी?"

"हे काय म्हनाची गोष्ट हाय?" ते म्हणाले आणि पुन्हा चपलेचा अंगठा चाचपू लागले.

ती आली तेव्हा दुपार कलली होती. पदर कमरेला खोचलेला, कपाळ घामानं भिजलेलं. किल्ली वसंतरावांना न देता माझ्या हातात दिली आणि खुर्चीत बसली. "वाचा वकीलसाहेब. त्या वाक्यापासून वाचा." वकिलांनी या वेळी ते वाक्य सावकाश वाचलं. तिनं मान हलवली आणि प्रत्येक पानावर सही केली. मोठ्या, शाळकरी अक्षरात, पूर्ण नाव.

फोटो झाले, अंगठे झाले. चेक हातात आला तेव्हा दोन्ही भावांची नजर त्या कागदावर होती, हे मला दिसलं आणि तिलाही दिसलं. तिनं तो पिशवीत ठेवून चेन लावली. वसंतरावांनी पिशवी उचलायला हात पुढे केला. "राहू द्या दादा," ती म्हणाली, "माही मी नेतो." मग ती आणि वसंतराव दोघं बसस्टँडच्या दिशेनं गेली, एकमेकांपासून थोडं अंतर ठेवून. काही बोलत होती की नाही, ते मला इतक्या लांबून कळलं नाही. पुढे भाऊबीजेला कोण कोणाकडे गेलं हेही मी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

संध्याकाळी मी ताबा घ्यायला गेले. घर रिकामं करून देतात म्हणजे काय देतात, हे मला पाठ आहे. फुटके माठ, गाद्यांचा कापूस, गंजलेल्या खाटा, कोपऱ्यात मेलेली घूस. निघून जाणारा माणूस मागचं झाडत नाही. तो खर्च मी आधीच धरलेला असतो, त्यामुळे रामदासनं कचरा उचलायला ट्रॅक्टरवाला सोबतच आणला होता.

मी दार उघडलं. घर वरपासून खालपर्यंत झाडलेलं होतं. छताची जळमटं काढलेली, कोनाडे पुसलेले, फरशी धुतलेली आणि अजून कडेकडेनं ओली. मागच्या एका छोट्या खोलीचा उंबरठा धुऊन त्यावर हळदीकुंकवाची बोटं उठवली होती. आम्ही तिथेच उभे असताना शेजारची म्हातारी फाटकातून आत आली. "माहा झाडू राह्यला काय इथी? प्रमिला मांगून घेऊन गेली होती." झाडू दाराआड होता. तिनं तो उचलला, घरात एकदा नजर फिरवली आणि निघून गेली.

ट्रॅक्टरवाल्याला मी परत पाठवलं. चपला बाहेर काढल्या आणि मग आत गेले.